सोलापूरकडचा झाडावरचा शॅमेलिऑन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की दरवर्षी मोबाईलवर फोटो यायला लागतात, कुणाच्या शेवग्यावर, कुणाच्या बांधावरच्या बोरीवर, कुणाला डांबरी रस्त्यावर सापडलेला, आणि फोटोखाली प्रश्न बहुतेक तेच. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. घाई असेल तर एवढंच वाचा: हा प्राणी विषारी नाही, त्याला मारू नका, आणि उगाच झाडावरून खाली काढू नका.

शॅमेलिऑन म्हणजे आपला नेहमीचा सरडाच ना?

नाही ओ. कंपाउंडच्या भिंतीवर, कुंपणाच्या तारेवर मान वरखाली करत बसतो तो बागेतला सरडा. विणीच्या दिवसात त्याच्या नराचा गळा लालभडक होतो म्हणून बरेच जण त्यालाच रंग बदलणारा सरडा म्हणतात. तो चपळ, माणूस दिसला की सुसाट पळतो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण त्याचीच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारा छोटा सरडा दिसतो, तो पण वेगळा. आणि घोरपड तर अजूनच वेगळी.

शॅमेलिऑन ओळखायला सोपा आहे. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, डोकं मागच्या बाजूला उंच आणि टोकदार, डोळे गोल शंकूसारखे बाहेर आलेले आणि त्यावर पूर्ण कातडी, मधे फक्त बारीक भोक. शेपूट बऱ्याचदा गुंडाळलेली. शेपटीसकट लांबी साधारण फूटभर, मोठी मादी असेल तर थोडी जास्त पण भरते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो पळत नाही, पळूच शकत नाही म्हणा, एकेक पाय उचलून विचार केल्यासारखा टाकतो.

मराठीत याला काय म्हणतात?

घोयरा सरडा म्हणतात, सरडगुहिरा पण म्हणतात, गावागणिक बदलतं. सोलापुरात कन्नड-तेलुगू बोलणारी घरं लै, त्यांच्याकडे ऊसरवळ्ळी, ऊसरवेल्ली. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस, 1768 मधे लॉरेंटी नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकानं दिलेलं. झेलॅनिकस म्हणजे सिलोनचा, पण तो श्रीलंकेसोबत भारतात आणि पाकिस्तानच्या काही भागात पण आहे.

नेटवर निळे, लाल, तीन शिंगांचे दिसतात, ते आपल्याकडं का नाहीत?

कारण ते आपले नाहीतच. जगात शॅमेलिऑनच्या 200 च्या वर जाती आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर, बाकी बऱ्याचशा आफ्रिकेत. निळा-लाल असतो तो मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन, तीन शिंगांचा पूर्व आफ्रिकेतला. भारतात ही एकच जात. त्याला शिंगं नसतात, रंग हिरवा, पिवळसर, तपकिरी, करडा, त्यावर ठिपके नाहीतर पट्टे.

मादागास्करचा विषय निघालाच आहे तर सांगते, 2021 मधे तिथल्या एका जातीची माहिती प्रसिद्ध झाली, ब्रुकेसिया नाना, तिचा नर शेपटीसकट 21.6 मिलिमीटर, म्हणजे आपल्या बोटाच्या पेरावर मावेल एवढा. आणि तिथलीच अजून एक जात अंड्यात आठ-नऊ महिने काढते आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यात तिचं आयुष्य संपतं. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

सोलापुरात कुठं दिसतो?

कोरड्या भागातली झाडं आणि झुडपं त्याला चालतात, घनदाट जंगलच पाहिजे असं काय नाही. बाभूळ, बोर, कडुनिंब, हिवर, चिंच, बांधावरची दाट काटेरी झुडपं, जुन्या विहिरीभोवतीची झाडी, अशा ठिकाणी असतो. आपल्याकडं पाऊस कमी, उन्हाळ्यात पारा 42-43 ला टेकतो, तरी तो टिकून आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोनेक महिने जास्त नजरेस पडतो, तेव्हा पाला असतो आणि किडे पण भरपूर. तुमच्या बांधावर असला तरी बहुतेक वेळा तो तुम्हाला दिसणार नाही, तुम्ही झाडाजवळ गेलात की तो फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, अंग अजून चपटं करतो आणि तुम्ही फिराल तसा तो पण फांदीभोवती फिरत राहतो.

नेमकी झाडं आणि गावं मी इथं लिहीत नाही, आणि तुम्ही पण फोटो टाकताना लोकेशन टाकू नका. पकडून विकणारे लोक असेच फोटो बघत असतात.

चावला तर माणूस मरतो म्हणतात, खरं हाय का?

खोटं आहे, अगदी पूर्ण खोटं. शॅमेलिऑनच्या कुठल्याच जातीला विष नाही. दातात नाही, लाळेत नाही, श्वासात नाही, रक्तात नाही, आणि अंगावर नुसता पडला तर काही सुद्धा होत नाही. हातात दाबून धरला तर घाबरून चावेल, त्याचे दात बारीक असतात, थोडं खरचटेल, साबण-पाण्यानं धुवून टाका.

भीती वाटते ती त्याच्या अवताराची. घाबरला की फुप्फुसात हवा भरून अंग फुगवतो, तोंड आ करून फुस्स असा आवाज काढतो, रंग काळपट करतो. हे सगळं तो करतो कारण पळून जाण्याचा रस्ता त्याच्याकडं नाही. धामण निघून जाते, सरडा पळतो, पक्षी उडतो, याला फक्त मोठं आणि भयंकर दिसायचं एवढंच येतं. आणि नेमकं ते बघूनच माणूस काठी घेतो. गावाकडं जे शॅमेलिऑन मेलेले बघायला मिळतात त्यातले कितीतरी असेच ठेचलेले असतात, आणि मारणारा माणूस वाईट नसतो, त्याला लहानपणापासून विषारीच सांगितलेलं असतं. म्हणून घरातल्या पोरांना आधी हे सांगा, बाकी जीभ-बीभ नंतर.

दिसला की अपशकुन, कामाला जाताना आडवा आला तर परत फिरावं, असं आजी म्हणते

आजीला मान देऊन सांगते, त्याला तुमच्या कामाचं काही माहीत नसतं. तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर निघालेला असतो, मधे तुमचा रस्ता आलेला असतो.

रंग नेमका कसा बदलतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर खरंच भारी आहे. कातडीत काळा, पिवळा वगैरे रंगद्रव्याच्या पेशी असतात. काळ्या रंगद्रव्याचे कण पेशीत पसरले की अंग गडद, एका जागी गोळा झाले की फिकं, एवढं पूर्वीपासून माहीत होतं. पण 2015 मधे जिनिव्हा युनिव्हर्सिटीच्या टीमनं पँथर शॅमेलिऑनवर काम केलं आणि दाखवलं की कातडीत ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिशय बारीक स्फटिक असलेल्या पेशींचा एक थर असतो, आणि मोठा रंगबदल या स्फटिकांमुळं होतो. स्फटिक जवळजवळ असले की निळा प्रकाश परत फेकला जातो, त्यावर कातडीतला पिवळा रंग, दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. प्राणी उत्तेजित झाला, म्हणजे समोर दुसरा नर आला किंवा मादी दिसली, की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा, नारिंगी, लाल प्रकाश परत यायला लागतो. म्हणजे नवीन रंग तयार होत नाही, तीच कातडी प्रकाश वेगळा परतवते. त्याच्या खाली अजून एक थर असतो तो उष्णतेचे किरण परतवतो, उन्हापासून बचावासाठी त्याचा उपयोग होत असावा असं त्यांचं म्हणणं.

हे पँथर जातीवरचं काम आहे, आपला शॅमेलिऑन तेवढा भडक होत नाही, पण हिरव्याचा पिवळा, तपकिरी, काळपट हे तुम्ही समोर बसून बघू शकता, काही मिनिटांत होतं.

मग लाल कापडावर ठेवला तर लाल होईल का?

नाही होणार, आणि कृपा करून करून बघू नका. त्याला चौकटीच्या डिझाइनवर ठेवलं तर चौकटी उमटत नाहीत, कार्टूनमधे दाखवतात ते कार्टूनमधेच. त्याचे नेहमीचे रंगच पाना-फांद्यांचे असल्यामुळं तो झाडावर आपोआप लपतो. रंग बदलतो तो उजेड, ऊन-थंडी आणि मनःस्थिती यावर. डिसेंबरच्या सकाळी गार पडलेला असतो तेव्हा गडद होतो, गडद अंग ऊन लवकर शोषतं, आणि उन्हाच्या बाजूला अंगाची रुंद बाजू करून बसतो. दुपारी ऊन तापलं की फिका. भीती, राग, आजारपण, मादीला नर नको असणं, सगळं कातडीवर दिसतं. आपण पुढाऱ्यांना सरड्यासारखा रंग बदलला म्हणतो, पण हा बिचारा रंग बदलून काही लपवत नाही, उलट आतलं सगळं बाहेर दाखवून मोकळा होतो.

डोळे दोन दिशांना कसे काय फिरतात?

पापण्या जुळून एकच कातडी झालेली आहे, मधे बाहुलीपुरतं भोक, आणि तो पूर्ण शंकू फिरतो. एक डोळा पुढं बघतोय, दुसरा मागं तुमच्याकडं, असं चालू असतं. त्यामुळं मान न हलवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, आणि ज्याला पळता येत नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं. किडा दिसला की मात्र दोन्ही डोळे त्याच्यावर लागतात. अंतराचा अंदाज तो मुख्यतः डोळ्याच्या भिंगाचा फोकस किती बदलावा लागला यावरून घेतो. आपण दोन डोळ्यांच्या चित्रातल्या फरकावर जास्त अवलंबून असतो, त्याचं तसं नाही.

जीभ किती लांब असते? चिकट असते का?

शेपूट सोडून अंगाची जेवढी लांबी तेवढी तर नक्कीच, आणि बऱ्याच जातीत दीडपट-दुप्पट पण जाते. तोंडात ती एका हाडाच्या काडीवर गोळा होऊन बसलेली असते. या काडीभोवती स्नायू आणि मधे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे ताणले जाणारे थर. स्नायू आधी ते थर ताणून ठेवतो, मग बेचकीचं रबर सोडल्यागत सगळी ताकद एकदम सुटते आणि जीभ सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात किड्यावर जाऊन आपटते. स्नायू नुसता आकसून एवढा वेग देऊच शकत नाही.

याचा एक फायदा आपल्याकडच्या थंडीत होतो. गार हवेत थंड रक्ताच्या प्राण्याचे स्नायू सुस्त होतात, पण ताणून ठेवलेले थर तेवढे सुस्त होत नाहीत, म्हणून सकाळच्या गारठ्यात पण जीभ जोरात सुटते, परत ओढताना मात्र हळू, कारण ओढायचं काम स्नायूचं. परदेशातल्या एका जातीवर हे मोजून बघितलेलं आहे.

चिकटपणाचं म्हणाल तर, जिभेच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेच्या सुमारे 400 पट घट्ट असल्याचं 2016 मधे प्रसिद्ध झालं. शिवाय टोक किड्याभोवती आवळलं पण जातं. त्यामुळं स्वतःच्या वजनाच्या मानानं बऱ्यापैकी मोठा टोळ सुद्धा तो ओढून घेतो.

पाय असे चिमट्यासारखे का? आणि चालताना डुलतो का?

बोटं दोन गटात जुळलेली असतात. पुढच्या पायाला आत तीन बाहेर दोन, मागच्या पायाला उलटं, आत दोन बाहेर तीन. त्यानं फांदी दोन्ही बाजूंनी पकडता येते. शेपूट हा पाचवा हात, वारा सुटला की आधी शेपूट फांदीला वेढा घालते. अंग चपटं असल्यामुळं बारीक फांदीवर तोल राहतो. म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत हा प्राणी फांदीसाठी घडलेला आहे, आणि म्हणूनच सपाट जमिनीवर, फरशीवर, डांबरावर तो इतका अडाण्यासारखा दिसतो. लोक म्हणतात आजारी वाटतोय. आजारी नाही, जागा चुकलीय.

डुलतो ते मात्र खरं, एक पाऊल पुढं, परत थोडा मागं, परत पुढं. वाऱ्यानं पानं हलतात त्या लयीत मिसळून जायला हे उपयोगी पडतं असं अभ्यासक मानतात.

शेपूट तुटली तर परत येते का?

नाही. पालीची येते, याची नाही. शेपटीला धरून उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

खातो काय, पाणी कुठलं पितो?

टोळ, नाकतोडे, माश्या, फुलपाखरं, अळ्या, पतंग, जे जिभेच्या टप्प्यात येईल ते. एका जागी तासन् तास बसतो, शिकार येण्याची वाट बघतो. पाणी तो पानावरचे दवबिंदू, पावसाचे थेंब चाटून पितो. उन्हाळ्यात वाटीत पाणी ठेवलं तर पक्ष्यांना उपयोग होईल, याला क्वचितच. झाडाला पाणी घालताना पाइपनं पाल्यावर पण फवारा मारलात तर त्याची सोय होते.

त्याला ऐकू येतं का? कान तर दिसत नाहीत

बाहेर कानाचं भोक नाही. पण अगदी बहिरा नाही, खालच्या पट्टीतले काही आवाज आणि फांदीतली थरथर त्याला कळते. त्यामुळं फांदी हलवून बघू नका.

रात्री कुठं जातो?

कुठंच नाही, बारीक फांदीच्या टोकाला जाऊन झोपतो, शेपूट गुंडाळून. टोकाला अशासाठी की साप किंवा दुसरं काही आलंच तर फांदी हलते आणि जाग येते. झोपेत रंग फिका पडतो आणि बॅटरीच्या उजेडात तो पांढुरका चमकतो, दिवसा न सापडणारा रात्री लगेच सापडतो. पकडणारे पण हेच करतात, म्हणून रात्री झाडांवर बॅटऱ्या मारत फिरणारं अनोळखी कुणी दिसलं तर विचारपूस करा.

अंडी देतो की पिल्लं?

आफ्रिकेतल्या काही जाती थेट पिल्लं देतात, आपला अंडी देतो. पावसाळा सरत आला की मादी झाडावरून खाली उतरते, मऊ ओली जमीन बघून पायांनी खड्डा खणते, त्यात अंडी घालते, एका वेळी वीस-पंचवीस सुद्धा असू शकतात, परत माती लोटून बुजवते आणि निघून जाते. नंतर ती परत येत नाही. पिल्लं बाहेर आली की पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतात, एवढीशी पिल्लं पण जीभ बरोबर मारतात.

मादीच्या आयुष्यातला हा सगळ्यात धोक्याचा वेळ. पोट अंड्यांनी फुगलेलं, चाल आधीच हळू, त्यात खाली जमिनीवर कुत्री, मांजरं, मुंगूस, ट्रॅक्टर आणि माणूस. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे जमिनीवर फुगलेल्या पोटाची शॅमेलिऑन दिसली तर तिला उचलून झाडावर ठेवायची घाई करू नका, ती कदाचित खड्डा खणायलाच आलेली असेल. लांब थांबा, कुत्र्याला बांधा, तिचं काम होऊ द्या.

त्याला कोण खातं?

शिक्रा, भारद्वाज, कावळे, साप, मांजरं. हे चालायचंच.

घरी पाळता येईल का? मुलगा लै मागं लागलाय

नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं याला संरक्षण आहे, पकडणं, पाळणं, विकणं, मारणं सगळा गुन्हा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर पण साइट्स (CITES) नावाच्या देशादेशांमधल्या करारानं नियंत्रण आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, डब्यात ठेवलेला शॅमेलिऑन खात नाही, पाणी पीत नाही, सारखा गडद होऊन बसतो आणि हळूहळू मरतो. मुलाला घेऊन संध्याकाळी बांधावर जा, लांबून अर्धा तास शांत बसून बघा, तो त्याच्या जागेवर असतानाच बघण्यासारखा आहे.

औषधाला किंवा गुप्तधनाला लागतो म्हणून कुणी मागत असेल तर?

देऊ नका, आणि वनखात्याला कळवा. याच्या रक्तानं, शेपटीनं कुठलाही आजार बरा होत नाही आणि धन सापडत नाही. महाराष्ट्र वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट नंबर 1926, टोल फ्री आहे.

रस्त्यात दिसला तर काय करायचं?

आधी मागून येणाऱ्या गाड्या बघा, तुमचा जीव आधी. मग एखादी लांब काठी किंवा वाळकी फांदी त्याच्या पुढ्यात आडवी धरा, तो बहुतेक वेळा स्वतःच पकडून चढतो. तो ज्या बाजूला चालला होता त्याच बाजूच्या झाडावर फांदी टेकवा आणि त्याला उतरू द्या. उलट्या बाजूला ठेवलात तर तो परत रस्त्यावर येणार. हातानं ओढून काढू नका, पकड घट्ट असते, ओढाओढीत बोटं दुखावतात. पाच किलोमीटर लांब चांगल्या जंगलात नेऊन सोडतो म्हणणारे पण असतात, भावना चांगली आहे पण नेऊ नका, त्याला त्याची झाडं माहीत असतात.

जखमी सापडला तर?

हवा जाईल असा खोका, आत एक फांदी, वरून कापड, सावलीत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, हळद लावू नका, खायला कोंबू नका. 1926 ला फोन करा किंवा ओळखीच्या सर्पमित्रांना विचारा, ते वनखात्यापर्यंत पोचवतात.

आमच्या शेतात राहावा म्हणून काय करू?

हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो. बांधावरची बोर-बाभूळ पूर्ण काढू नका, थोडी वेडीवाकडी झुडपं राहू द्या, आणि झाडं अशी ठेवा की एकाच्या फांद्या दुसऱ्याला लागतील, म्हणजे त्याला जमिनीवर उतरावं लागत नाही. बांध पेटवू नका, उन्हाळ्यात बांध जाळायची आपल्याकडं सवय आहे आणि त्यात हळू चालणारे सगळे जातात, मातीतली अंडी पण होरपळतात. डाळिंब-द्राक्षाला फवारणी लागतेच, मला माहितीय, पण बांधावरच्या झाडांवर औषध जाणार नाही एवढं बघा, किडेच मेले तर तो खाणार काय. आणि सालगड्याला, ट्रॅक्टरवाल्याला, ऊसतोडीला आलेल्या लोकांना एकदा दाखवून ठेवा की हा आपल्या बांधावर असतो, काही करत नाही, दिसला तर मला सांगा.